निघाल्याची नोंद

हे खरं घडलंय. पटलं नाही तर सोडून द्या, मी कुणाच्या गळी उतरवायला आलेले नाही. पण वाचायला घेतलंत तर शेवटपर्यंत वाचा. शेवटी मला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती घरात कुणालाच सांगता येत नाही.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही दुपारची आहे.

मागच्या वर्षी, ऑक्टोबरची एकोणीस तारीख. चार वाजायला पाच मिनिटं होती. लख्ख ऊन होतं. जागेचं नाव सांगणार नाही, का ते पुढे कळेलच.

माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांचे नंबर तपासायचे, काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या. पाव नंबर इकडचा तिकडे झाला तर मला झोप लागत नाही. घरात माझ्या माघारी मला ‘तराजू’ म्हणतात, तेही मला माहीत आहे.

माझा दुसरा उद्योग म्हणजे मुक्कामाची यादी.

आमच्याकडून डोंगरावरच्या तीर्थापर्यंत चालत जायची एक वाट आहे. एकोणतीस दिवस लागतात. त्या वाटेने चालणाऱ्यांचा फोनवर ग्रुप आहे, अकराशे माणसांचा. कोण कुठे राहिलं, पाणी गरम की नुसतं कोमट, गाद्यांत ढेकूण आहेत का, दाराला आतून कडी आहे का, असं सगळं लोक लिहितात. मी ते पडताळून यादीत चढवते. नियम एकच. स्वतः राहिल्याशिवाय शिफारस करायची नाही.

हा नियम मीच केला होता.

आणि मोडलाही मीच.

झालं असं की सतराव्या आणि अठराव्या मुक्कामाच्या मध्ये चौतीस किलोमीटरचं अंतर होतं. वाटेत राहायची कुठेच सोय नव्हती. लोक पायाला फोड घेऊन यायचे आणि मला बोल लावायचे, जणू ती वाट मीच लांबवली होती. यादीतलं ते भोक मला सलायचं.

मग मार्च महिन्यात एक नोंद आली. लिहिणारे ग्रुपवरचे छत्रीवाले काका. बारा महिने छत्री घेऊन चालणारे, म्हणून हे नाव. त्यांनी लिहिलं होतं, “तिठ्यावरून डावीकडे. निळं दार. खोल्या स्वच्छ. बाई एकटी आहे, अगत्याची आहे. मी स्वतः राहिलो.”

मी दोन प्रश्न विचारले. काकांचं उत्तर आलं नाही.

त्यानंतर काका ग्रुपवर कधी काही बोललेच नाहीत... पण ते माझ्या ध्यानात फार उशिरा आलं.

एकट्याच्या शिफारशीवर लोक भरवसा ठेवत नाहीत. म्हणून चौदा मार्चला, दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, मी काउंटरवर बसून त्या नोंदीखाली लिहिलं, “मी स्वतः राहिले आहे. खात्रीचं.”

चार वाजायला पाच मिनिटं होती. वेळ फोनमध्ये अजून आहे.

सात महिन्यांत एकाचीही तक्रार आली नाही. तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक, असं मी धरून चालले.

आता वहीची गोष्ट सांगते, ती नीट लक्षात ठेवा. त्या वाटेवर प्रत्येक मुक्कामाच्या घरी एक वही असते. तिच्यात दोन रकाने. आल्याचं ज्याचं त्याने लिहायचं. निघाल्याचं मात्र सोबत्याने लिहायचं. सोबती नसेल तर त्या दिवशी तिथे राहिलेल्या दुसऱ्या कुणीतरी. फार पूर्वी कोणी एक पहाटे एकटाच निघाला आणि पुढे पोचलाच नाही, आणि तो निघाला होता की नव्हता हेच कुणाला सांगता आलं नाही, तेव्हापासून ही रीत पडली म्हणतात. आम्ही सगळे ती पाळतो. चांगली रीत आहे.

माझ्याबरोबर माझी धाकटी जाऊ होती. तिला घरात सगळे ‘होयबा’ म्हणतात. नाही हा शब्द तिला येतच नाही. शेजारणीने पापड लाटायला बोलावलं तर होय, नवऱ्याने मित्र जेवायला आणले तर होय. दोघींचं एकमेकींशी भांडण असेल तर ही दोघींनाही होय म्हणते. मी तिला यावरून खूप बोललेय. तिची मुलगी आठ वर्षांची. ती मोठ्या आजारातून उठली, म्हणून हिने चालत जायचं बोललेलं. गुडघा दुखरा, पण बोलली ते बोलली.

सतराव्या दिवशी तिठ्यापर्यंत आलो तेव्हा तिचा गुडघा भोपळ्याएवढा झाला होता.

“वहिनी, ते तुमचं निळं दार इथेच कुठेतरी ना?” ती म्हणाली. “तुम्ही राहिलात तिथे?”

आता हिला काय सांगू? तिनेही यादी वाचली होती.

“हो,” मी म्हटलं. “चल.”

दार खरंच निळं होतं. उघडं होतं. आत फरशी नुकती पुसलेली. एक बाई एप्रनला हात पुसत बाहेर आली, पन्नाशीची, साध्या चेहऱ्याची. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती हसली.

“फिरून आलात का?” ती म्हणाली. “चहा निवेल तुमचा.”

मला वाटलं, बोलायची पद्धत असेल.

तिने आम्हाला खोली दाखवली. दोन कॉट, एक खिडकी, जमिनीवर उन्हाचा चौकोन. एका कॉटवरची चादर विस्कटलेली होती. उशीत डोक्याचा खळगा. शेजारच्या स्टुलावर चहाचा कप, अर्धा प्यालेला.

मी कपाला हात लावला...

गरम होता.

कपाशेजारी चष्मा पुसायचं एक फडकं घडी घालून ठेवलेलं. पिवळं, कोपऱ्यात माझ्या दुकानाचं नाव छापलेलं.

“बघा, मागच्या वेळी विसरलात वाटतं,” जाऊ म्हणाली आणि बूट काढायला बसली.

मी मागच्या वेळी आलेच नव्हते.

शेजारच्या खोलीतून आवाज येत होता. कोणीतरी बॅगची चेन लावत होतं. सर्रकन लावली. थोडा वेळ काहीच नाही... मग परत उघडली. मग परत लावली. मधूनच फरशीवर काठी टेकल्याचा आवाज यायचा. ओसरीवर मी येताना पाहिलं होतं ते मला आठवलं. दाराच्या खिळ्याला एक काळी छत्री टांगलेली होती.

मी तडक बाहेर आले आणि बाईला म्हटलं, “वही दाखवा.”

तिने वही उघडून माझ्यापुढे केली.

चौदा मार्च. दुपारी तीन पंचावन्न. माझं नाव.

अक्षर माझं. नावाखाली मी दोन रेघा मारते, शाळेपासूनची सवय. त्या दोन्ही रेघा होत्या.

निघाल्याचा रकाना रिकामा.

“हे मी लिहिलेलं नाही,” मी म्हटलं.

“मग कोणी लिहिलं?” तिने शांतपणे विचारलं. “राहिले असं तुम्हीच म्हणालात ना?”

मी आत गेले, जाऊला म्हटलं, “ऊठ, इथे राहायचं नाही.” ती नुकतीच पाय सोडून बसली होती. “अहो, पण गुडघा...” असं म्हणेपर्यंत मी माझी बॅग उचलून दाराकडे निघालेही होते. दार उघडंच होतं. समोर वाट दिसत होती, कुंपण, पलीकडे चरणारी दोन गुरं.

मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला...

आणि मी कॉटवर बसले होते. हातात चहाचा कप.

चक्कर आली असेल असं वाटलं. परत उठले. या वेळी सावकाश गेले, भिंतीला हात लावून. उंबरा. पाय उचलला.

कॉट. कप.

तिसऱ्यांदा मी धावत गेले. तिसऱ्यांदाही कॉटवरच होते, आणि चहा तेवढाच होता, अर्धा, गरम.

इकडे जाऊ लंगडत दारातून बाहेर गेली. मोजे धुऊन कुंपणावर वाळत घातले. आत आली. परत बाहेर गेली, फोनला रेंज आहे का बघायला. तिला काही म्हणजे काही होत नव्हतं.

“तुझ्या घड्याळात किती वाजले?” मी विचारलं.

“सव्वापाच होत आले. का?”

माझ्या घड्याळात तीन पंचावन्न. सेकंदकाटा फिरत होता, पण मिनिटकाटा तिथेच. मी जमिनीकडे पाहिलं. जाऊच्या कॉटजवळचं ऊन भिंतीवर चढलं होतं. माझ्या पायाजवळचा चौकोन आलो तेव्हा होता तिथेच होता, एक बोटभरही सरकला नव्हता.

तेव्हा मला रडू आलं. दुकान, नवरा, घर, सगळं आठवलं. आपण आता इथेच, एवढ्याशा उन्हात, कायमच्या... हे मला स्वच्छ कळलं. चष्मा लावल्यावर पाटीवरचं अक्षर कळतं ना, तसं.

मी बाईचे पाय धरायचेच बाकी ठेवले. “माझं निघाल्याचं लिहा ना हो.”

“मी घरची. मी कशी लिहिणार?” ती म्हणाली. तिला खरंच वाईट वाटत असावं. “त्या दिवशी जे राहिले त्यांच्यापैकी कुणीतरी लिहायचं.”

“मग शेजारचे? तेही मार्चमध्येच आलेत ना?”

“ते? त्यांनी तुमचं लिहिलं आणि तुम्ही गेलात, तर त्यांचं कोण लिहील?”

शेजारची चेन बोलता बोलता थांबली होती. कोणीतरी भिंतीपलीकडे श्वास रोखून ऐकत होतं.

आमचा आवाज ऐकून जाऊ आली. “काय झालं वहिनी? रडताय कशाला?”

मी काही बोलायच्या आत बाईनेच तिला सांगितलं, “यांचं निघाल्याचं लिहायचं राहिलंय. चौदा मार्चचं. सोबती कोणी नव्हतं म्हणतात.”

जाऊने वही बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मी एवढ्या तेवढ्याने रडणारी बाई नाही, हे तिला माहीत. तिला वाटलं असणार, बाई हट्टी आहे, वहिनी दमल्यात, तर वेळ मारून न्यावी.

“होते की,” ती म्हणाली. “मीही होते तेव्हा. माझं लिहायचंच राहिलं.”

बाईने पेन पुढे केलं.

माझ्या नावाखाली एक ओळ रिकामी होती. नेमकी एकच.

इथे मला थांबा म्हणता आलं असतं.

मला ठाऊक होतं. तिला ठाऊक नव्हतं, मला होतं. ती वाकून, जीभ दातात धरून, शाळेतल्या पोरीसारखं नाव लिहीत होती आणि मी उन्हाच्या चौकोनाकडे बघत गप्प बसले. मुद्दाम गप्प बसले.

तिने आपलं आल्याचं लिहिलं. मग माझ्या रकान्यात लिहिलं, ‘निघाल्या.’ खाली सही.

माझ्या पायाजवळचं ऊन एकदम विझलं. घड्याळात साडेपाच.

मी झडप घालून पेन घेतलं. तिच्या रकान्यात ‘निघाली’ लिहिणार, तोच बाईने वहीवर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला.

“तुम्ही तर आधीच निघालात,” ती म्हणाली. “निघालेल्याने मागच्याचं कसं लिहायचं?”

“अहो जाऊ दे वहिनी, वहीत काय ठेवलंय,” जाऊ म्हणाली, आणि मला दंडाला धरून उंबऱ्याबाहेर घेऊन आली.

ती आली. माझ्याबरोबर बाहेर आली. मी तिला चिमटा काढून बघितला तर ‘आई गं’ म्हणाली. कुंपणावरचे ओले मोजे तिने काढून घेतले. त्या रात्री आम्ही एका शाळेच्या पडवीत झोपलो आणि सकाळी तिचा गुडघा बराच उतरला होता. पुढचे बारा दिवस चाललो, तीर्थाला पोचलो. ती तिथे मुलीसाठी तासभर डोळे मिटून बसली होती. मी म्हटलं, सुटलो.

घरी येऊन आठवडा झाला असेल. दीर, धाकटे भाऊजी, सहज म्हणाले, “हिला हल्ली चारच्या सुमाराला हाक मारली तर ओ देते, पण सापडत नाही.”

सगळे हसले. मी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान सोडून मी मुद्दाम चारला घरी गेले. स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, “आले वहिनी.” मी आत गेले...

कोणी नव्हतं. गॅसवर चहा उकळत होता. मी आख्खं घर पालथं घातलं, गच्ची, मोरी, कपाटामागेसुद्धा. तेवढ्यात ती माझ्या पाठीशी उभी, हातात गाळणी.

“कुठे होतीस?”

“इथेच तर होते.” मग वेगळ्याच आवाजात तिने विचारलं, “कोणी आलं का हो?”

“कुठे?”

“काय कुठे?” ती म्हणाली. तिला आठवत नव्हतं.

सुरुवातीला पाच मिनिटं जायची. मग पंधरा. यंदाच्या उन्हाळ्यात तासभर. आता चारला जाते ती दिवे लागले की येते. मुलगी शाळेतून चारलाच येते. रिकामं घर बघून ती घाबरायची, म्हणून आता थेट माझ्या दुकानात येते. “काकू, आई रोज कुठे जाते?” असं विचारते. मी तिला भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावते.

मी काहीच केलं नाही असं समजू नका. ग्रुपवर सगळं कबूल केलं. मी राहिले नव्हते, खोटं लिहिलं होतं, माफ करा. नोंद काढून टाकली. तरी लोकांच्या सांगण्यावरून यादी माझ्याकडेच राहिली, आमच्या ग्रुपला फुकट राबणारं दुसरं कोण मिळणार. दोनदा एकटी तिठ्यापर्यंत जाऊन आले. डावीकडच्या वाटेवर निळं दार कुठेच नाही. गुरं आहेत, कुंपण आहे, मधे नुसतं गवत.

मागच्या महिन्यात ग्रुपवर एक मेसेज आला.

छत्रीवाले काका. “घरी पोचलो. सर्वांना नमस्कार. एका भल्या बाईने माझं निघाल्याचं लिहिलं.”

त्यांनी भिंतीपलीकडून विचारलं असणार. आणि जाऊ कोणाला नाही म्हणते का कधी? तिने लिहून दिलं असणार, तसंच, जीभ दातात धरून.

म्हणजे आता शेजारच्या खोलीतही कोणी नाही. ती एकटीच आहे.

आता ते सांगते जे कुणालाच सांगितलेलं नाही.

परवा ग्रुपवर एक नवीन नोंद आली. “तिठ्यावरून डावीकडे. निळं दार. सोय उत्तम. मी मागच्या वर्षी चौदा मार्चलाच राहिलो होतो. खात्रीचं.” काकांची आणि माझी जुनी वाक्यं, कुठूनतरी उचललेली. लिहिणारा एक तरणा मास्तर आहे, नुकतंच लग्न झालेला, ग्रुपवर नवा. आपणही जुने जाणते आहोत असं दाखवायची हौस, दुसरं काही नाही. त्या चौदा मार्चला सकाळी तो माझ्या दुकानात चष्म्याची फ्रेम घ्यायला आला होता, पावतीवर तारीख आहे. इथून तिठा सतरा दिवसांची चाल. म्हणजे चौदा मार्चला ‘राहिलेला’ आणखी एक जण झाला, जाऊचं निघाल्याचं लिहू शकणारा.

येत्या सोमवारी तो चालायला निघतोय. एकटा.

त्याचा नंबर माझ्याकडे आहे. एक फोन केला की काम झालं. ती नोंद खोडायला तर नुसतं बोट लावायचीच खोटी. दोन दिवस झाले, मी खोडलेली नाही. दर वेळी फोन हातात घेते आणि पुतणीचं दप्तर समोर दिसतं.

तो असल्या गोष्टी वाचतो की नाही मला माहीत नाही. वाचत असेल तर त्याला कळेल, मी कोणाबद्दल बोलतेय ते. म्हणूनच इथे लिहिलं. यापलीकडे माझा धीर होत नाही.

काल दिवे लागल्यावर जाऊ आली. दारातच उभी राहिली. चेहरा उन्हातून आल्यासारखा तापलेला. रोजचंच तिने विचारलं.

“कोणी आलं का हो, वहिनी?”

रोज मी ‘नाही’ म्हणते. काल माझ्या तोंडून निघून गेलं.

“येईल. सोमवारी निघतोय.”

“होय,” ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.